नागपुरातलं स्वतःचं घर सोडून १८ लाखांच्या पॅकेजवर कुटुंबासह मुंबईला जावं का?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: मनीषनगरात स्वतःचा फ्लॅट, त्याचा हप्ता १८,०००. तुमच्या हातात ७२,००० येतात आणि वहिनींना खासगी शाळेत २४,००० मिळतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघंही सीबीएसईला. घरात आई. ऑफर मुंबईत अंधेरी पूर्वेच्या मरोळची, वर्षाला १८ लाखांची, त्यातले १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारे.

माझं स्पष्ट मत आहे की या आकड्यावर सगळं घर हलवू नये. आकडा वाढवून घ्या, नाहीतर वहिनींची नोकरी आधी पक्की करा. का, ते हिशेबातच दिसेल.

१८ लाखांतून व्हेरिएबलचे १,८०,००० बाजूला काढा, ते मिळाले तर वर्षाअखेरी. बेसिक पॅकेजच्या निम्मं, म्हणजे महिना ७५,००० धरलं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,०८,००० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ४३,००० हेही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. उरतो महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १,२२,०००. त्यातून तुमचा पीएफ ९,०००, नव्या करप्रणालीत आयकर सुमारे ७,७०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात १,०५,००० येतात.

आता दोन्ही गावं शेजारी ठेवा. नागपुरात ९६,००० मधून हप्ता गेला की ७८,००० उरतात. मुंबईत १,०५,००० मधून भाडं समजा ४५,००० आणि हप्ता १८,००० गेला की ४२,०००. नागपूरचा फ्लॅट १४,००० ने भाड्याने गेला तर ५६,०००. म्हणजे पगार वाढूनही घरखर्चाला महिन्याला २२,००० कमी, आणि मुंबईच्या शाळेची फी यात अजून धरलेलीच नाही. वहिनींच्या नोकरीशिवाय नुसती बरोबरी करायची तरी पॅकेज २२ लाखांच्या आसपास हवं. एचआरशी बोलताना ‘मुंबई महाग आहे’ एवढंच म्हणू नका, महिन्याचा फिक्स्ड आकडा मागा. सामान हलवण्याचा खर्च आणि पहिल्या महिन्याचं गेस्टहाऊस ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. रुजू झाल्यावर या गोष्टी मिळवणं अवघड जातं.

‘घरभाड्यावर कर वाचतो’ असं कुणी सांगेल. ती सवलत जुन्या करप्रणालीतच आहे. मुंबईसाठी बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा, भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम आणि प्रत्यक्ष मिळणारा घरभाडे भत्ता, या तिघांत जी सर्वांत कमी ती धरतात. वरच्या आकड्यांत, गुंतवणुकीची दीड लाखाची वजावट पूर्ण वापरली तरी, फरक महिन्याला हजार-बाराशेचा पडतो. त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

जायचं ठरलंच, तर तारीख मुलीच्या इयत्तेवरून ठरवा. सीबीएसई नववीत विद्यार्थ्यांची नोंदणी करतं आणि थेट दहावीत प्रवेश द्यायला अटी आहेत. त्यामुळे एकतर या एप्रिलमध्ये, नववी सुरू होतानाच जायचं, नाहीतर दहावी होईपर्यंत दोन वर्षं तुम्ही एकट्याने राहायचं. मधल्या वर्षी हलवलं तर त्रास पोरीला होतो. राज्य मंडळाच्या शाळेचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, तिकडे जूनच्या मध्यातच. आपल्या कॅलेंडरने गेलात तर पहिले काही दिवस बुडतील.

बहुतेक लोक आधी घर पसंत करतात आणि मग शाळा शोधत फिरतात. नववीच्या रिकाम्या जागा फार कमी असतात, म्हणून क्रम उलटा ठेवा: ऑफिस, मेट्रोची लाईन, शाळेतली जागा, मग घर.

मरोळसाठी मी कांदिवली पूर्व किंवा गोरेगाव पूर्व आधी बघेन. आकुर्ली, पोईसर किंवा दिंडोशीहून मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पुलावरून चालत मेट्रो १, आणि पुढे मरोळ नाका. लोकलमध्ये पाय ठेवावा लागत नाही. ठाण्यात त्याच भाड्यात घर थोडं मोठं मिळेल. तिथून घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो १. त्यातही ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल धरा, कारण कल्याणकडून येणारी फास्ट सकाळी भरूनच येते. डोंबिवलीत भाडं खूप कमी, पण चढायलाच झगडावं लागतं आणि घर ते ऑफिस दीड तासाच्या वर जातं. वहिनीही नोकरी करणार असतील तर मुलं आणि आई दिवसाचे बारा तास एकटे राहतील. माझ्या मते ७० मिनिटांपलीकडचं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. सोमवारी सकाळी सव्वाआठला त्या स्टेशनावर स्वतः उभं राहून एकदा जाऊन-येऊन बघा. रविवारी बघितलेलं काही कामाचं नाही.

मुंबईत भाड्याचा करार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, सहसा ११ महिन्यांचा, आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे. ४५,००० भाडं आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट १,३५,००० असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने सुमारे १,३००, नोंदणी १,०००, वर नोंदणी करून देणाऱ्या एजंटची फी. दलाली एक महिन्याचं भाडं. पहिल्या भाड्यासकट आठवड्याभरात सव्वादोन लाखांवर खिशातून जातात. करारात लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा आणि डिपॉझिट परत करण्याची मुदत किती, हे वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. भाडं ५०,००० च्या वर गेलं तर त्यावर २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या वाट्याचा कर, भाड्यातून कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची. घर बघताना छताचे कोपरे आणि खिडकीखालची भिंत बघा, ताजा रंग असेल तर पावसाळ्यात गळतं का ते शेजाऱ्यांना विचारा. पाणी किती तास येतं, टँकरचे पैसे वेगळे का, लिफ्टला जनरेटर आहे का, हे आईंसाठी नक्की विचारा.

नागपूरचा फ्लॅट पहिल्या दोन वर्षांत विकू नका. त्या पैशात मुंबईत घर येणार नाही, आणि परतायची वाट मात्र बंद होईल.

सामानात कूलर नेऊ नका. आपला कूलर कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा देतो. मुंबईची हवा आधीच दमट, तिथे तो फक्त चिकचिक वाढवतो. सागवानी दिवाण आणि मोठं कपाट नेण्याआधी तिथल्या लिफ्टचं आणि दाराचं माप मागवा. गाडीची चिंता नको: एमएच ३१ किंवा ४९ पासिंग राज्यातलंच असल्याने नवा नंबर किंवा पुन्हा रोड टॅक्स लागत नाही, आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्या. पण सोसायटीत पार्किंग लेखी मिळाल्याशिवाय कार नागपुरातच राहू द्या.