सरकार कसला उपभोग घेतं?

प्रश्न असा आहे: ‘अर्थविषयक बातम्यांत “सरकारी उपभोग खर्च वाढला”, “खासगी अंतिम उपभोग खर्च मंदावला” अशी वाक्यं येतात. सरकार कसला उपभोग घेतं? उपभोग म्हटलं की मला चैन आठवते. आणि आपण ज्याला घरखर्च म्हणतो त्याला एवढं लांबलचक नाव कशाला? “वापर” किंवा “खप” म्हटलं तर काय बिघडेल?’

सरकार उपभोग घेत नाही. उपभोग तुम्ही-आम्ही घेतो, सरकार त्याचं बिल भरतं. घोळ घातलाय तो दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेनं.

‘सरकारी उपभोग खर्च’ असे तीन सुटे शब्द वाचले की ‘सरकारी’ हे विशेषण शेजारच्या ‘उपभोगा’ला जाऊन चिकटतं. खरं तर ते ‘खर्चा’चं आहे. उपभोगासाठी केलेला खर्च तो उपभोगखर्च, शाळेत शिकलेला चतुर्थी तत्पुरुष. सामासिक शब्द जोडून लिहायचा ही मराठीची रीत. ‘देव घर’ किंवा ‘घर खर्च’ असं आपण लिहीत नाही, मग ‘उपभोग खर्च’ मात्र तोडून लिहितो, कारण इंग्रजीत ते दोन शब्द सुटे आहेत आणि भाषांतर करणाऱ्यानं जागाही इमानदारीनं भाषांतरित केली. ‘सरकारी उपभोगखर्च’ एवढं जरी लिहिलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

त्या खर्चात काय येतं तेही पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेचा पगार, त्या शाळेतली खिचडी, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार आणि तिथली औषधं, पोलीस, न्यायालयं, सैन्य, तहसील कचेरीतले कागद आणि पंखे. खिचडीचा घास मुलाच्या तोंडात जातो, खर्च सरकारच्या वहीत पडतो. शाळेची नवी इमारत बांधली तर ती मात्र यात नाही, ती गुंतवणूक. कर्जावरचं व्याज यात नाही. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपयेही यात नाहीत, ते नुसतं हस्तांतर. ती बाई त्या पैशांतून तेल, साखर, पोराचे बूट आणते तेव्हा तो तिच्या घराचा उपभोगखर्च म्हणून मोजला जातो. म्हणून बातमीदार मंडळी ‘सरकारी उपभोगखर्च’ आणि अर्थसंकल्पातला ‘महसुली खर्च’ हे एकमेकांच्या जागी वापरतात ते चूक आहे. महसुली खर्चात व्याज आणि अनुदानंही असतात.

पगार हा यातला मोठा वाटा, त्यामुळे वेतन आयोग आला की हा आकडा उसळतो. सहाव्या वेतन आयोगाची अंमलबजावणी २००८ साली झाली, लागू झाला १ जानेवारी २००६ पासून, आणि थकबाकीपैकी ४० टक्के २००८-०९ मध्ये आणि उरलेली ६० टक्के पुढच्या वर्षी दिली गेली. त्या दोन वर्षांत देशाचा सरकारी उपभोगखर्च भराभर वाढला. सरकारनं त्या काळात काही जास्त ‘उपभोगलं’ असं नव्हे. आणि तरीही हे वाक्य आपल्या कानाला का खुपतं, याला कारण आहे. ‘उपभोगशून्य स्वामी’ हे विशेषण शिवाजी महाराजांसाठी ऐकत आपण वाढलो. राज्यकर्त्याच्या शेजारी ‘उपभोग’ शब्द बसवला की मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडणारच.

आता शब्दाकडे. मूळ धातू ‘भुज्’. त्याचा एक मुख्य अर्थ खाणं. भोजन, भोक्ता, बुभुक्षित ही सगळी त्याचीच पोरं. खाण्यावरून अनुभवणं आलं, अनुभवण्यावरून ताब्यात असणं आलं. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ आणि फ्लॅट घेताना बिल्डरकडे मागतो ते ‘भोगवटा प्रमाणपत्र’ इथलीच. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी म्हणजे बाजरीची भाकरी, तीळ आणि मिसळीची भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’. पण मराठीत भोग नुसता सुखाचा नसतो. ‘आपल्या कर्माचे भोग’, ‘भोगा आता’, ‘भोग सरला’. सुख आणि दुःख दोन्ही भोगायचीच असतात. गंमत म्हणजे ‘उप’ लावला की दुःख गळून पडतं आणि फक्त सुख उरतं. दुखणं कुणी ‘उपभोगत’ नाही. अर्थशास्त्राच्या उपभोगखर्चात मात्र हॉस्पिटलचं बिल अगदी निमूट येऊन बसतं. तिथे शब्द खरोखर तोकडा पडतो, हे मान्य.

इंग्रजी ‘कन्झम्प्शन’च्या मुळाशी सुख नाहीच. तिथे आहे संपवून टाकणं, झिजवणं. क्षयरोगाचं जुनं इंग्रजी नाव हेच होतं. शब्दशः गेलो असतो तर आपल्याकडे ‘क्षयखर्च’ रूढ झाला असता! ‘उपभोग’ निवडणाऱ्यांनी संपण्याऐवजी भोगण्यावर बोट ठेवलं. वाईट निवड नाही ती. गोष्टीचं शेवटी काय झालं यापेक्षा ती कुणाच्या कामी आली, हे त्यात दिसतं.

आणि ‘उपभोग म्हणजे चैन’ हे तर मराठी अर्थशास्त्रज्ञांनीच खोडून काढलेलं आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तो उपभोगखर्चावरूनच. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतकं अन्न ज्या खर्चाच्या पातळीला परवडतं, ती त्यांची रेषा: १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात दरडोई महिना १५ रुपये. इथे उपभोग म्हणजे जेमतेम जगणं. (‘दरडोई’ हा शब्द मला फार आवडतो. फारसी ‘दर’ आणि आपली ‘डोई’. त्याच्यापुढे ‘प्रतिव्यक्ती’ म्हणजे इस्त्री केलेला शर्ट.)

‘खप’ का नको? कारण खप दुकानदाराच्या बाजूनं बोलतो. ‘यंदा छत्र्यांना खप नाही’ असं विकणारा म्हणतो. छत्री घेणारा ‘माझा छत्र्यांचा खप’ म्हणत नाही. हिंदीत ‘खपत’ हा शब्द घेणाऱ्याकडे सरकला, मराठीत खप गल्ल्यावरच बसून राहिला. शिवाय मराठीत शेतात खपतात, लबाडी खपवून घेत नाहीत, आणि नको असलेला माणूस एक दिवस खपतो. ‘सरकारी खप’ कुणी काय अर्थानं वाचेल सांगता येत नाही. ‘वापर’ जवळ येतो, वीजवापर आणि पाणीवापर म्हणतोच आपण. पण वापरलेली वस्तू वापरून झाल्यावर उरते असं मनात येतं. भाकरी वापरली असं म्हणून पाहा.

माझ्या आजीच्या जमाखर्चाच्या वहीत रकाने होते: धान्य, किराणा, दूध, रॉकेल, फी, औषध, आणि शेवटी ‘किरकोळ’. धान्याची बेरीज सगळ्यांत मोठी, हे तेव्हा जगाचा नियम असल्यासारखं वाटे. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली बेल्जियममधल्या कुटुंबांचे हिशेब पाहून खरा नियम सांगितला होता: कुटुंब जितकं गरीब, तितका अन्नाचा वाटा मोठा. म्हणजे उपभोग वाढत जातो तसा त्यातल्या भोजनाचा वाटा आकसत जातो. एकाच धातूची दोन लेकरं, एक वाढलं की दुसऱ्याचा वाटा कमी.

आपल्या देशातल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात हे सरळ दिसतं. १९९९-२००० मध्ये खेड्यातल्या कुटुंबाच्या १०० रुपयांतले सुमारे ५९ रुपये खाण्यावर जात. २०२२-२३ मध्ये ४६. शहरात ४८ वरून ३९. नुसत्या तृणधान्यांचा वाटा खेड्यात २२ टक्क्यांवरून ५ च्या आत आला. मधल्या काळात प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, त्यामुळे दशांशांवर भांडू नये, पण उतार केवढा मोठा आहे! आजीच्या वहीतला पहिला रकाना आज जवळजवळ ‘किरकोळ’मध्ये जाऊन बसला आहे. त्याच्या जागी काय आलं? २०२२-२३ मध्ये खेड्यातसुद्धा प्रवास आणि वाहतुकीवरचा खर्च तृणधान्यांहून जास्त होता, साडेसात टक्के. खाण्यातही भाकरीपेक्षा पुड्यातलं, बाटलीतलं आणि बाहेरचं तयार खाणं वरचढ झालं: खेड्यात सुमारे १० टक्के, शहरात ११ च्या आसपास. २०२३-२४ मध्ये अन्नाचा वाटा पुन्हा किंचित वर गेला, खेड्यात ४७ आणि शहरात जवळपास ४० टक्के. त्यावरून एंगेल खोटा पडत नाही.

इथे ‘खर्च’ या दुसऱ्या शब्दाची परीक्षा होते. खर्च अरबीतून फारसीमार्गे आला, मुळात ‘बाहेर जाणं’. अर्ज खारीज होतो तो खारीज याचाच भाऊ. जे घराबाहेर गेलं ते खर्च, जे गोळा झालं ते जमा. पण शेतकऱ्याच्या घरी कणगीतली ज्वारी दळून खाल्ली तर बाहेर काय गेलं? काहीच नाही. सर्वेक्षण मात्र त्या ज्वारीलाही किंमत लावून उपभोगखर्चात धरतं. रेशनवर फुकट मिळालेल्या तांदळाचं काय करायचं, हा पेच २०२२-२३ मध्ये आला. म्हणून दोन आकडे दिले गेले: कल्याणकारी योजनांतल्या मोफत वस्तू न धरता खेड्यात दरडोई दरमहा ३,७७३ रुपये, त्यांची किंमत धरून ३,८६०. शहरात ६,४५९ आणि ६,५२१. म्हणजे तृणधान्यांचा वाटा कमी दिसतो त्यातला काही भाग ‘कमी खाल्लं’ असा नसून ‘पैसे द्यावे लागले नाहीत’ असा आहे. खाल्लं जाणारं धान्य किलोतही घटलंय हे वेगळं. उपभोग झाला, खर्च झाला नाही. जोडशब्दातला कुठला अर्धा भाग मोजतोय हे पाहिल्याशिवाय असे आकडे वाचू नयेत.

२०११-१२ मध्ये हेच आकडे खेड्यात १,४३० आणि शहरात २,६३० होते. मध्ये महागाई आहे, त्यामुळे अडीचपट वाढ म्हणून हुरळून जाऊ नये. मधल्या अकरा वर्षांत एकही प्रसिद्ध सर्वेक्षण नाही. २०१७-१८ चं झालं होतं, पण आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन ते प्रसिद्ध न करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनं जाहीर केला.

‘घरगुती की कौटुंबिक उपभोगखर्च?’ असंही काही जण विचारतात. माझं मत तिसरंच आहे. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं. रक्ताचं नातं ही अटच नाही. याला मराठीत नेमका शब्द आहे: चूल. भाऊ वेगळे झाले म्हणजे ‘वेगळी चूल मांडली’. गावजेवणाचं आवतण ‘चूलबंद’ असलं की घरातल्या कुणीच घरी शिजवायचं नाही. गाव मोजताना उंबरे मोजतो तो घरांचा हिशेब, चुलींचा वेगळा. एका उंबऱ्याआड तीन चुली असतात हे कुठल्याही जुन्या वाड्यात दिसेल. ‘दरचूल खर्च’ असं कुणी सरकारी अहवालात लिहिणार नाही, पण अर्थ त्याहून चोख सांगता येणार नाही.

‘अंतिम’ या शब्दानं दचकू नका. वडापाववाल्यानं घेतलेले बटाटे अंतिम नव्हेत, तुम्ही खाल्लेला वडा अंतिम. बटाटे आणि वडा दोन्ही मोजले तर एकच बटाटा दोनदा मोजला जाईल, म्हणून ही खबरदारी. आणि ‘घरखर्च’ हा पर्याय म्हणून का चालत नाही, तर आपल्या घरखर्चात घराचा हप्ता येतो. राष्ट्रीय हिशेबात घर विकत घेणं उपभोग नाही, गुंतवणूक आहे. उलट स्वतःच्या घरात राहणाऱ्यानं स्वतःलाच जणू भाडं दिलं असं मानून ते कल्पित भाडं उपभोगात धरतात. सोन्याचांदीला ‘मौल्यवान वस्तू’ असा निराळाच रकाना आहे.

हे सगळं घालून-काढून जे उरतं त्याची लांब पल्ल्याची चाल अशी. १९५०-५१ मध्ये देशाची बचत उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर होती. म्हणजे जवळजवळ सगळं खाऊन-वापरून संपत होतं, आणि त्यात सरकारचा हात लहान होता. २००७-०८ पर्यंत बचत ३६ टक्क्यांच्या पुढे गेली, तसा घरांच्या उपभोगाचा वाटा खाली आला. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या राष्ट्रीय हिशेबाच्या मालिकेत खासगी उपभोगखर्च त्या वर्षी देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ५६ टक्के आणि सरकारी ११ टक्के. त्याच मालिकेत पुढे खासगी वाटा ६० च्या आसपास चढला, सरकारी मात्र १०-११ मध्येच रेंगाळला. २०२०-२१ मध्ये कोरोनानं घरांचा उपभोगखर्च चक्क घटवला.

राहता राहिलं ‘खासगी’ की ‘खाजगी’. मूळ ‘खास’, म्हणून मी ‘खासगी’ लिहितो. ‘खाजगी’ही तितकंच रुळलंय, त्यावरून कुणाला नापास करू नये. मात्र इथल्या ‘खासगी’त फक्त चुली नाहीत. लोकांना सेवा देणाऱ्या ना-नफा संस्थाही त्यातच मोजतात, त्यामुळे ट्रस्टच्या फुकट दवाखान्याचा खर्चही ‘खासगी’च.