वाळवंटी देशात छोटा सोलर प्लांट टाकला तर आपल्यापेक्षा दुप्पट वीज मिळते का?

दुप्पट? नाही हो. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे गणित ऐकलं की माझं डोकंच फिरतं, कारण असल्याच एका साहेबाच्या हाताखाली मी ओमानमध्ये चार वर्षं काढलीत. प्लांट छोटाच, एक मेगावॉटसुद्धा नाही.

पॅनलवर छापलेले वॉट सेलचं तापमान २५ डिग्री धरून असतात. जूनमध्ये सेल ६५ ला सहज जातो आणि पॉलीचं (पॉलिक्रिस्टलाइन सिलिकॉनचं) पॅनल डिग्रीमागे साधारण ०.४ टक्के वीज सोडतं, म्हणजे १६ टक्के तिथंच गेले. ते एक वेळ ठीक आहे, उन्हाशी कोण भांडणार. आमचं भांडण धुळीवरून.

पहाटे दव पडतं, काचेवरची धूळ भिजते आणि ऊन वर येईपर्यंत तिचा गिलावा होऊन बसतो. पाणी टँकरचं, तेही आरओचं लागतं, नाहीतर क्षारांचे डाग. साहेब म्हणायचा टँकर महाग आहे, महिन्यातून एकदा धुवा, "धूप तो फ्री है ना". एकदा वादळानंतर मी आणि एका बांगलादेशी पोराने उजाडायच्या आत एकच स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलची रांग, धुतली, शेजारची तशीच ठेवली आणि दहा वाजता तारेतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून साहेबाला बोलावलं. धुतलेली ७.९ अँपिअर, न धुतलेली ६.१. तर म्हणतो मीटर खराब आहे! दुसरा मीटर आणला, तेच. मग म्हणे आत्ताच्या आत्ता सगळं धुऊन टाका, दुपारपर्यंत झालं पाहिजे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते, आणि जून ते ऑगस्ट १२:३० ते ३:३० उघड्यावर काम करायला तिथं सरकारचीच बंदी आहे, हे मी त्याला सांगायचं!

तेव्हा पॅनलच्या ब्रँडवर डोकं खाजवण्याआधी धुवायचं पाणी कुठून येणार ते बघा, आणि कधी धुवायचं हे साइटवरच्या माणसाला ठरवू द्या, एसी केबिनवाल्याला नको.

हां, वर्षाचा हिशोब धरला तर आपल्यापेक्षा वीज जास्तच मिळते, आपला पावसाळा ढगातच जातो. आणि जिथं डिझेल जनरेटरवर गाव चालतं तिथं छोटा प्लांटही कामाचा, येमेनच्या हद्दीजवळ अल मझ्यूनाला २०१५ मध्ये ३०३ किलोवॉटचा सुरू झालाच की. थिन फिल्म, म्हणजे पातळ थराचं पॅनल, उन्हात कमी मार खातं. ओमानच्या दक्षिणेला सलालाला खरीफमध्ये, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, रिमझिम असते, तिथलं वेगळं. पैसे किती सुटतात ते मला विचारू नका, मी वायरमन माणूस.