डाळिंब न फोडता आतला दाणा कसा ओळखायचा?

सांगोला भागातल्या एका डाळिंब बागायतदारांनी विचारलं आहे: "भगवा जातीच्या डाळिंबाचा माल वरून लालबुंद होता. व्यापाऱ्यानं तीन फळं फोडली, एकात दाणे तपकिरी निघाले आणि सगळ्या गाडीचा भाव पाडला. न फोडता आतलं दाखवणारं यंत्र घ्यावं का? रंग बदलणारी पट्टी लावलेल्या पिशव्या कामाच्या आहेत का?"

दादा, क्ष-किरणांनी फळाच्या आतलं पाहणारी यंत्रं आहेत, पण ती मोठ्या पॅकहाऊसला परवडणारी. हातात धरायचं प्रकाशकिरणांचं मीटर काही मिलिमीटरच आत पाहतं. डाळिंबाची जाड साल तिथं आडवी येते. एकट्यानं त्यात पैसे घालू नका. गटानं घ्यायचं ठरलं, तर आधी सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

तोडणीच्या वेळी एक करा. सारख्या आकाराची दोन फळं दोन्ही हातांत तोला. एखादं हलकं लागलं, रंगही फिका असला, तर ते बाजूला काढा. फुलातून शिरलेल्या बुरशीनं ते आतून काळं पडलेलं असू शकतं. तपकिरी दाणा मात्र वजनानं कळत नाही. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की हा त्रास वाढतो, आणि भाव चढेल म्हणून आपण नेमकं तेच करतो! फुलोऱ्याची तारीख लिहून ठेवा. भगवा साधारण १८० दिवसांत तयार होतो. सालीला कडा आल्या, टिचकीला खणखणीत आवाज आला, की तोडा. तोडल्यावर डाळिंब पिकत नाही, म्हणून कच्चंही काढू नका.

आता पिशव्या. त्यात फळाच्याच श्वासानं प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि फळाचा श्वास मंदावतो, म्हणून ते जास्त टिकतं. पण हे माल गार ठेवला तरच जमतं. उन्हातून आणलेलं गरम फळ तसंच बंद केलं, तर आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. आधी माल गार करा, मगच भरा. रंग बदलणारी पट्टी वाटेत थंडी तुटली का, एवढंच सांगते. निर्यातीच्या कंटेनरला ती जरूर लावा. उघड्या ट्रकनं दिल्लीला जाणाऱ्या मालाला तो खर्च फुकट आहे. इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, शोषणाऱ्या पुड्याही केळीवाल्यांसाठी, तुम्हाला फारशा उपयोगाच्या नाहीत.

शीतगृहात ५ ते ७ अंश ठेवायला सांगा. त्याखाली फार दिवस गेले, तर सालीवर डाग पडतात आणि चांगला दाणाही तपकिरी होतो.