ऊर्जा सारखीच, तर झाडात एकाच हाताचा रेणू का?

तुमचा प्रश्न असा: डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन रेणूंची ऊर्जा तंतोतंत सारखी असते, मग झाडात त्यातला एकच का बनतो, अर्धा-अर्धा का नाही?

मी मास्तर नव्हे. लोट्याच्या एमआयडीसीत रसायनांच्या रिअ‍ॅक्टरवर पंधरा वर्षं काढलेला माणूस आहे. तिथे अर्धा-अर्धाच बनायचा. बॅच कितीही तापवा, लवकर उरकायची एवढंच; डावा-उजवा निम्मा-निम्मा.

आधी दोन ऊर्जा वेगळ्या करा, परीक्षेत बहुतेकांची गल्लत इथेच होते. पोलादपूरहून खेडला पूर्वी कशेडी घाट चढून-उतरून जायचो, आता बोगदा आहे. दोन्ही गावं होती त्याच उंचीवर आहेत. गावांच्या उंचीतला फरक ही अभिक्रियेची ऊर्जा, मधला चढ ही सक्रियण ऊर्जा. उत्प्रेरक म्हणजे बोगदा: चढ कमी करतो, गावं हलवत नाही.

आता समजा, एका गावातून दोन वाटा फुटतात आणि सारख्याच उंचीच्या दोन गावांना पोचतात. साध्या फ्लास्कमध्ये दोन्ही घाटही सारखेच, म्हणून निम्मे इकडे, निम्मे तिकडे. झाडात काम करतं एन्झाइम, म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक, आणि ते स्वतःच एका हाताचं असतं, कारण ते ज्या अमिनो आम्लांचं बनतं ती जवळपास सगळी एकाच हाताची. त्याने खणलेला बोगदा एकाच वाटेवर. दुसरी वाट बंद नसते, पण तिथे घाट चढावा लागतो.

किनाऱ्यावर शंखात घर करणारा खेकडा पाहिला असेल. त्याचं मऊ पोट एका बाजूला पिळलेलं असतं, बहुतेक शंखांच्या उजव्या वेढ्यात बसेल असं. उलट्या वेढ्याचा शंख त्याच चुन्याचा, त्याच वजनाचा. लाटेला दोन्ही सारखेच. फरक पडतो तो खेकडा आत शिरायला लागल्यावर. एन्झाइम म्हणजे हा खेकडा, रेणू म्हणजे शंख. (देव्हाऱ्यातला दक्षिणावर्ती शंख जीवशास्त्रात डावा ठरतो, तेव्हा नावांवर फार जाऊ नका.)

आपल्या रातांब्याचंच, म्हणजे कोकमाचंच घ्या. लिंबातल्या सायट्रिक आम्लाला डावं-उजवं नसतंच. पण त्याच्या बाजूच्या एका कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसला की दोन कार्बन हाताचे होतात आणि चार रूपं शक्य होतात. हेच हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. रातांब्याच्या सालीत त्यातलं उणे चिन्हाचं एक रूप असतं. हे उणे म्हणजे पोलॅरिमीटरमध्ये प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळतं एवढंच. त्यावरून आर की एस (कार्बनभोवतीच्या मांडणीला दिलेली डाव्या-उजव्याची नावं) ते कळत नाही.

दोन घाटांत फरक किती लागतो? थोडाच. २५ अंश सेल्सिअसला मोलमागे ५.७ किलोजूल फरक असला की एक वाट दहापट वेगाने चालते, ११.४ असला की शंभरपट. साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोजूल लागतात, त्यापुढे हे किरकोळ. शिवाय तोच ५.७ चा फरक उणे ७८ अंशांवर सुमारे ३३ पट निवड देतो. एका हाताचा उत्प्रेरक वापरणारे लोक फ्लास्क पुष्कळदा ड्राय आइसमध्ये बसवतात, ते यासाठीच.