"मन मोकळं केलं तर ती मला कमजोर समजेल"

हे वाक्य इतक्या मुलांकडून ऐकलंय की आज त्यातल्याच एकाबद्दल लिहिते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मुलगा 24 वर्षांचा. गर्लफ्रेंडने सांगितलं होतं की काउन्सेलरकडे जा नाहीतर माझ्याकडून संपलं, म्हणून आलेला. तिची तक्रार एकच, भांडण झालं की हा गप्प होतो, फोन बंद, दोन-दोन दिवस पत्ता नाही. आणि याचं म्हणणं, मॅडम मी ओरडत नाही, शिव्या देत नाही, शांत राहतो, अजून काय करायचं पुरुषाने?

मी विचारलं, ती रडायला लागली की तुला काय होतं? म्हणाला, राग येतो. जॉब हातातून गेला तेव्हा? राग. बाबा ॲडमिट होते तेव्हा? जरा थांबला, आणि परत राग.

खरंच त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता. "मुलीसारखा काय रडतोस" ऐकत वाढलेल्या मुलांचं हे असंच होतं, रोनाल्ड लेव्हंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकातच यावर लिहिलंय. आता वरून रील्स आहेत, जो जास्त प्रेम दाखवतो तो हरतो वगैरे. मला या रील्सचा मनापासून राग येतो, कारण घाबरलेल्या मुलाला त्या अजून एकटं पाडतात.

मग त्याला शेवटचं भांडण पहिल्यापासून सांगायला लावलं. सांगता सांगता जबडा आवळला, अंगठ्याने दुसऱ्या हाताचं नख दाबत राहिला. हातात स्मार्टवॉच होतं, म्हटलं ठोके बघ. 112. नुसता खुर्चीत बसून!

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना लॅबमध्ये भांडणाच्या विषयावर बोलायला बसवून हेच मोजलं होतं. ठोके 100 च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, शरीर परत शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, आणि असे भिंत होऊन बसणारे बहुतेक पुरुषच निघाले. म्हणजे हा शांत नव्हताच, आतून पेटलेला होता, आणि तिला दिसायची फक्त पाठ.

आता मूळ प्रश्न, ती कमजोर समजेल का? खोटं कशाला सांगू, मन मोकळं केल्यावर टोमणा ऐकावा लागलेली मुलंही माझ्याकडे येतात. पण न सांगता गायब झालं की समोरच्याला ती शिक्षाच वाटते, हे मात्र जवळपास प्रत्येक जोडप्यात बघितलंय. म्हणून त्याला एवढंच दिलं, उठून जायचं तर जा, पण परत कधी येणार ते सांगून जा, आणि ये.

पुढच्या वेळी त्याने मेसेज दाखवला. "आत्ता काही सुचत नाहीये, अर्ध्या तासात बोलतो." हे टाइप करायला दहा मिनिटं लागली म्हणाला, तीनदा डिलीट केलं. अर्ध्या तासाने फोन केला आणि जॉब गेल्याचं सांगितलं, जे तीन आठवडे लपवलं होतं.

ती काय म्हणाली विचारलं.

"म्हणाली, एवढे दिवस एकटाच घेऊन फिरत होतास?" आणि मग बराच वेळ त्याला बोलता आलं नाही.