‘मॅक्रो’ म्हणजे मोठे की लांब?

प्रश्न : आमची नाशिकजवळ द्राक्षबाग आहे. खतांच्या माहितीपत्रकात ‘मॅक्रोन्यूट्रिएंट’ हा शब्द असतो आणि मुलीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘मॅक्रोइकॉनॉमिक्स’. या दोहोंतील ‘मॅक्रो’ एकच आहे का?

उत्तर : होय, एकच आहे. हे उपपद ‘माक्रोस’ या ग्रीक शब्दावरून आले असून त्याचा अर्थ ‘लांब’ आणि ‘मोठा’ असा दुहेरी आहे. नत्र, स्फुरद व पालाश ही अन्नद्रव्ये वेलीला अधिक प्रमाणात लागतात, म्हणून ती ‘मॅक्रो’. मात्र हा मोठेपणा केवळ प्रमाणाचा आहे, महत्त्वाचा नव्हे, हे बागायतदारांनी अवश्य ध्यानात ठेवावे, कारण अत्यल्प लागणाऱ्या बोरॉनची उणीव पडली तरी फळधारणा बिघडते. मॅक्रोइकॉनॉमिक्स, म्हणजेच समष्टी अर्थशास्त्र, राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, बेरोजगारी अशा संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या प्रश्नांचा विचार करते.

‘लांब’ हा अर्थ ‘मॅक्रॉन’ या शब्दात स्पष्ट दिसतो. संस्कृत किंवा मराठी शब्द रोमन लिपीत काटेकोरपणे लिहिताना दीर्घ स्वरावर जी आडवी रेघ देतात, तिचे हे नाव. त्या पद्धतीने ‘नाशिक’ लिहिताना ‘ना’मधील ‘आ’वर ती येते. ही रेघ सर्रास गाळली जाते आणि त्यामुळे आपल्या गावांची नावे परक्यांच्या तोंडी विद्रूप होतात, याची खंत वाटते.

वैद्यकातील ‘मॅक्रोफेज’ म्हणजे जंतू गिळणारी मोठी भक्षक पेशी. या पेशींचा अभ्यास करणारे एली मेचनिकॉफ १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.