मालवणची सुरमई आणि १४ नोव्हेंबर

खानापूरच्या एका वाचकांनी लिवलंय, दिवाळीच्या सुट्टीत आंबोलीमार्गे मालवणला गेले, सहा सुरमई थाळ्या मागवल्या, मासा वास मारत होता, भात गार, दोन ताटं तशीच परत केली तरी बिल सहाही थाळ्यांचं, ४,१५८ रुपये, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की केस सिंधुदुर्गातच घालावी लागते, म्हणून गप्प बसले आणि हॉटेलवाल्याला नुसते व्हॉट्सॲप करत राहिले. प्रत्येक सुट्टीनंतर मला असली पत्रं येतात.

अहो, बिलावरची तारीख बघितलीत काय ओ? १४ नोव्हेंबर २०२३. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२५ च्या आत तक्रार दाखल व्हायला पाहिजे. मेसेज केले, नोटीस दिली म्हणून मुदत वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण "कुणीतरी सांगितलं" हे कारण घेऊन मी तरी उभा राहणार नाही.

सिंधुदुर्गला जायची गरजच नव्हती. कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे बेळगावात, तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, तुमच्या ओळखीच्यांना तेच आठवत असणार, पण जुलै २०२० पासून नवा कायदा लागू आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते.

मासा शिळा होता हे आता सिद्ध होईल का, सांगू शकत नाही. सर्व्हिस चार्जचं बघा, तो आपोआप लावू नये ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची सूचना दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये कायम केली, पण तुम्ही जेवलात तेव्हा तिला स्थगिती होती आणि हॉटेलवाला तो मुद्दा काढणारच. त्या स्थगितीतही मेन्यूकार्डवर चार्ज ठळक दाखवायची अट होती, तेव्हा मुलांच्या मोबाईलमध्ये मेन्यूचा फोटो आहे का शोधा. निकाल तीन महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो, पण आयोगांत तारखांवर तारखा पडतात आणि चार हजारांसाठी माणूस दमून जातो, याचा मला फार राग येतो.

बिलाचा कागद पांढरा पडायच्या आत आजच फोटो काढा. पैसे साडूंनी जीपे केलेत म्हणता, तर त्यांच्या बँकेचं स्टेटमेंट याच आठवड्यात मागून घ्या.